नलूताई सही देत नाहीत

नलूताईंशी बोलताना कोणी "तुमचं बरोबर आहे, पण" असं म्हटलं की त्या पुढचं ऐकतच नसत. "बरोबर हाय ना? मंग झालं," असं म्हणून उठायच्या आणि समोरचा आपला 'पण' तोंडात धरून बसायचा. त्यांच्या घरात मी भाडेकरू होते, त्या काळात हा 'पण' कितीतरी जणांना गिळताना पाहिला. त्यांच्या सख्ख्या भावाला, त्यांच्या स्वतःच्या वकिलाला, एकदा तर कोर्टात समेट घडवायला बसलेल्या बाईंना. मलाही एकदोनदा गिळावा लागला, पण मी निदान भाड्यानं राहत होते.

मी मूळची अकोल्याची. पशुसंवर्धन खात्यात लिपिक. बदली होऊन अमरावतीला आले आणि खोली शोधायला निघाले, तर आडनाव सांगितलं की खोली कालच दुसऱ्याला दिलेली असायची. हे मला नवं नव्हतं, तरी राग यायचा. अजूनही येतो. नलूताईंच्या दारात पोचेपर्यंत तो राग चांगला पिकला होता. त्यांनी शिलाई मशीनवरून मान वर न करता विचारलं, "नाव?" मी नाव सांगितलं, आडनाव जरा जास्तच मोठ्यानं सांगितलं आणि वर म्हटलं, "आमी बौद्ध आहो. चालत नसन त आताच सांगा."

त्यांनी मशीन थांबवली. "मी काय विचारलं तुले? नाव विचारलं. भाड्याच्या पावतीवर लिवा लागते." मग त्यांनी आपली अट सांगितली. "आमी महानुभाव. घरात मास-मच्छी नाई. अन् कोन्याबी देवाचा परसाद माह्या हातावर ठेवाचा नाई, गनपतीचा नाई, कोनाचाच नाई. तुहा बुद्ध तुह्या खोलीत, माहे स्वामी माह्या खोलीत. दोघंबी शांत मानसं होते, त्याईचं काई भांडन होत नाई."

त्या दिवशी मी सामान आणलं. पुढे बोंबलाची आठवण अनावर झाली की मी शनिवारी अकोल्याला आईकडे जायचे आणि रविवारी परत यायचे. दार उघडताना त्या विचारायच्या, "खाऊन आली काय?" मी म्हणायचे, "आली." मग म्हणायच्या, "हात साबनानं धू, अन् ये, आंबाडीची भाजी केली." यापलीकडे या विषयावर आमच्यात चर्चा झाली नाही.

नलूताईंना वाचायची फार सवय होती. पुस्तकं नव्हेत. ज्याच्यावर सही करायची ते. गॅस सिलिंडरवाला पावती पुढे करायचा आणि त्या चष्मा शोधायला आत जायच्या. तो घामानं निथळत उभा. त्या पावती पुढून वाचायच्या, उलटून मागचं बारीक अक्षर वाचायच्या, एखादा शब्द अडला तर त्यालाच विचारायच्या. तो म्हणायचा, "आजी, मले काय माहीत, मी टाकीवाला आहो." "मंग तुले माहीत नसलेल्या कागदावर माही सही काहून घेऊन राहिला तू?" आमच्या गल्लीत नवा टाकीवाला आला की जुना त्याला बजावायचा, त्या घरी शेवटी जा. एकदा मी थट्टेनं म्हटलं, "ताई, एसटीच्या तिकिटाच्या मागचंबी वाचता का?" त्या म्हणाल्या, "वाचते. तथी सही नाई कराची म्हनून भराभरा वाचते."

या सवयीचं मूळ अंजनगाव सुर्जीला होतं. नलूताई तिथल्या शेतकरी घरातल्या. दोन भावांच्या मधली बहीण. थोरले अण्णा, धाकटे बाबाराव. लग्न दर्यापूरकडे झालं, आणि थोड्याच वर्षांत नवऱ्यानं त्यांना माहेरी आणून सोडलं, घ्यायला परत आला नाही. वडील वारले. बाबाराव तेव्हा तरणे होते. साडी घेऊन आले, एका कागदावर सही मागितली. आमच्याकडे हे घराघरात चालतं. बाप गेला की भाऊ बहिणीला साडी-चोळी करतो आणि बहीण शेतावरचा हक्क सोडते. त्याला हक्कसोड म्हणतात. तो कागद कोणी वाचत नाही. भावानं आणलेला कागद वाचायला घेणं म्हणजे भावावर अविश्वास दाखवणं. नलूताईंनीही वाचला नाही. सही केली, साडी नेसल्या, भावाला ओवाळलं. पुढे काही महिन्यांनी चुलीपुढे काहीतरी बोलणं झालं आणि वहिनी म्हणाली, "अथी तुमचं काय हाय?" तेव्हा नलूताईंना आपण कशावर सही केली ते कळलं.

अण्णा अमरावतीला शाळेत मास्तर होते, लग्न न केलेले. त्यांना कळलं तशी त्यांनी येऊन बहिणीला नेलं. नलूताईंनी अमरावतीत आल्यावर पहिलं काम केलं ते मंगळसूत्र मोडून शिलाई मशीन घेण्याचं. त्या ब्लाऊज असे शिवायच्या की राजापेठेतल्या बायका रिक्षानं यायच्या. अण्णांनी जागा घेऊन घर बांधलं. त्याच घरात दोघं भावंडं म्हातारी झाली. अण्णांनी जायच्या आधी स्वतःच्या हातानं मृत्युपत्र लिहिलं. घर नलूला, आणि मृत्युपत्राप्रमाणे सगळं करून घेण्याची जबाबदारीही नलूलाच. दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. मग एका हिवाळ्यात अण्णा गेले. तेव्हा मी त्या घरात राहत होते.

आठवड्याभरात बाबाराव आले. पांढरा पायजमा, खांद्यावर दुपट्टा, हातात दुकानाची पिशवी. वाईट माणूस नव्हे. बहिणीला पाहून खरंच रडले. चहा झाला आणि पिशवीतून साडी काढून म्हणाले, "नलू, अन्ना गेला. आता एवढं घर तुह्या एकटीच्यानं होत नाई. तू राह्य ना मरेपर्यंत, कोन काढून राहिलं तुले? फक्त सही दे. मांगं भानगडी नको."

नलूताईंनी साडीचा काठ दोन बोटांत धरून चोळून पाहिला. "पोत चांगलं हाय. ठेवते. सही नाई देत."

"मंग साडी कायची?"

"बहिनीले आनली ना? का सहीले आनली?"

बाबारावांनी पिशवीतला कागद पिशवीतच ठेवला. बसच्या वेळेपर्यंत दोघं भावंडं एकमेकांसमोर बसून पावसापाण्याचं बोलली. मी आतल्या खोलीत होते आणि मला तिथून निघून जावंसं वाटत होतं, इतकं ते अवघड होतं.

घर नावावर करायला नलूताई भूमापन कार्यालयात गेल्या, तर टेबलापलीकडचा माणूस म्हणाला, मृत्युपत्र आहे हे खरं, पण कोर्टाचा शिक्का आणा, तुमच्या भावाचा हरकतीचा अर्ज आहे. मृत्युपत्र खरं आहे हे कोर्टाकडून शाबीत करून घ्यायचं, त्याला प्रोबेट म्हणतात. वऱ्हाडात ते सक्तीचं नाही असं आमचे राऊत वकील म्हणायचे, पण ते टेबलापलीकडच्या माणसाला कोण पटवणार. तेव्हा अर्ज दाखल झाला. मग बेलीफ आला आणि त्यानं घराच्या दारावर नोटीस डकवली, की अमुक यांच्या मृत्युपत्राबद्दल ज्या कुणाची हरकत असेल त्यांनी हजर व्हावं.

गल्लीत बोभाटा झाला की नलूताईंच्या घरावर जप्ती आली. एक शेजारीण संध्याकाळी येऊन हळूच म्हणाली, "ताई, ते काढून टाका ना. चांगलं दिसत नाई. येनारे-जानारे वाचतात." नलूताई म्हणाल्या, "वाचू दे. वाचासाठीच लावली." मग त्यांनी तिला दाराशी उभं करून ती सगळी नोटीस मोठ्यानं वाचून दाखवली, कोर्टाच्या नावापासून खालच्या सहीपर्यंत. त्यानंतर कोणी विचारायला आलं नाही. नोटीस उन्हानं पिवळी पडेपर्यंत दारावर होती.

हरकत आली ती अर्थातच बाबारावांची. अण्णांचं डोकं शेवटी ठिकाणावर नव्हतं, बहिणीनं दबाव टाकून लिहून घेतलं, असं तिच्यात होतं. राऊत वकिलांनी ते वाचून दाखवलं तेव्हा नलूताईंनी विचारलं, "हे बाबारावनं सोता लिवलं का त्याच्या वकिलानं?" वकील म्हणाले, "वकीलच लिहितो, ताई." "सही?" "सही त्यांची." "मंग त्यानंबी नाई वाचलं," नलूताई म्हणाल्या आणि पुढच्या तारखेला काय लागतं ते विचारू लागल्या.

कोर्टाच्या तारखांना मी रजा टाकून सोबत जायचे. खरं म्हणजे सोबतीची गरज मलाच होती, मला कोर्टाची भीती वाटते. त्यांना नव्हती. घडी घातलेली गोणपाटाची पिशवी बाकावर अंथरून त्या बसायच्या, आणि पुकारा होईपर्यंत आजूबाजूच्या बायकांची प्रकरणं ऐकायच्या, सल्ले द्यायच्या. "सही कोठी नोको करू," हा सगळ्यांना सारखाच सल्ला. न्यायाधीश बाई होत्या. पहिल्या दिवशी बाहेर आल्यावर मी विचारलं, "कशा वाटल्या मॅडम?" त्या म्हणाल्या, "बाई बरी हाय. ब्लाऊज मुंढ्यात चुकला. हात वर करताना दचका बसते तिले. शिवनारीले समजलं नाई."

दोन साक्षीदारांपैकी एक डॉक्टर होते, ते अण्णांच्या आधीच गेले. दुसरे शेख सर, अण्णांच्याच शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्तीनंतर पातूरला मुलीकडे राहायला गेले होते. त्यांना फोन केला तर ते फोनवर नीट बोलेनात. म्हणून आम्ही दोघी एसटीनं अकोल्याला आणि तिथून पातूरला गेलो. सर अंगणात बाजेवर बसले होते. खूप खंगले होते. आम्हाला पाहून त्यांना आनंद झाला आणि लगेच ते अस्वस्थही झाले.

"नलूबाई, तुमचे भाऊ येऊन गेले," ते म्हणाले. "भाई-बहन का मामला है, तिसऱ्यानं मधात नाई पडाचं, असं म्हनत होते. बात तो सही है. मी आता या उमरमधी कोनाची दुश्मनी घेऊ?"

मला वाटलं नलूताई आता विनवतील. माझी आई असती तर रडली असती. नलूताईंनी पाणी प्यायलं, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "मधात नका पडू. माह्या बाजूनंबी नका बोलू. अन्नानं तुमच्यापुढं सही केली का नाई केली, एवढंच सांगा. केली त केली म्हना, नाई केली त नाई म्हना. अन्ना आता सांगाले येत नाई म्हनून तुमाले बलावून राहिली."

सरांची मुलगी दारातून ऐकत होती. तीच म्हणाली, "अब्बा, जाना पडेगा." सर म्हणाले, "हां. पडेगा." परतीच्या बसमध्ये नलूताई खिडकीशी बसून झोपी गेल्या आणि मी मात्र अमरावती येईपर्यंत जागी होते. मला त्यांचा हेवा वाटला.

साक्ष होण्याआधी कोर्टानं आम्हाला समेटाच्या खोलीत पाठवलं. एक गोड बोलणाऱ्या बाई, मध्ये टेबल, एका बाजूला बाबाराव आणि त्यांचा मोठा मुलगा, दुसऱ्या बाजूला आम्ही. बाईंनी तोडगा सुचवला. नलूताईंनी जिवंत असेपर्यंत घरात राहावं, कुणी त्रास देणार नाही, आणि त्यांच्यानंतर घर बाबारावांच्या मुलांना जावं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आला. राऊत वकीलसुद्धा नलूताईंच्या कानाशी वाकून म्हणाले, "ताई, विचार करा. तुमच्या मागं तसंही कोण आहे?"

नलूताई त्यांच्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही. "वकीलसाहेब, ज्याले मांगं कोनी नाई त्याचं घर नसते काय? तुमी मले राह्याले देऊन राहिले. धर्मशाळाबी राह्याले देते. जल्मभर मी राहूनच राहिली. बापाच्या घरी राहिली, नवऱ्याच्या घरी राहिली, मंग भावाच्या. अन्नानं मले राह्याले नाई सांगतलं. घर देल्लं. देल्लेलं घर कोनाले द्याचं ते मी ठरवीन, नाई त कोनालेच देनार नाई, पडू दीन."

समेटाच्या बाई म्हणाल्या, "आजी, तुमचं बरोबर आहे, पण—"

पुढे काय झालं ते सांगायला नको. मी त्यांच्यामागून बाहेर पडले तेव्हा माझे डोळे भरले होते आणि मला कुणाला तरी मारावंसं वाटत होतं.

याच सुमारास एका दुपारी दारात एक मुलगी उभी राहिली. उन्हासाठी सगळं तोंड ओढणीनं बांधलेलं, फक्त डोळे दिसत होते. ओढणी सोडली तर बाबारावांची रेखा. लग्न होऊन अमरावतीतच दिली होती. वडिलांपासून लपून आत्याला भेटायला आली होती. बोलता बोलता सहज म्हणाली, "बाबानं वावराची हक्कसोड करून घेतली, आत्या. भावाईच्या नावावर. साडी आनली, मी सही करून देल्ली."

"वाचली काय?"

"बाबाचं काय वाचाचं?"

नलूताईंच्या हातातली कात्री थांबली. कापड बाजूला सारून त्या आत गेल्या आणि मोरीत बराच वेळ तोंड धूत राहिल्या. रेखा घाबरून मला विचारू लागली की तिचं काय चुकलं. मी म्हटलं, तुझं नाही चुकलं.

मग साक्षीची तारीख आली. राऊत वकिलांनी आदल्या दिवशी नलूताईंना बसवून समजावलं. कायद्यात असं असतं की ज्याला घर मिळतं तो मृत्युपत्र होताना तिथेच घुटमळत असेल, तर कोर्टाला संशय येतो. म्हणून कोणी विचारलं तर सांगायचं की त्या दिवशी तुम्ही घरी नव्हत्या, रिद्धपूरला दर्शनाला गेल्या होत्या.

"घरी पावने येनार अन् मी रिद्धपूरले?" नलूताई म्हणाल्या. "असं कोनी करते काय?"

"ताई, एवढं एकच म्हणायचं आहे."

"अन् देवस्थानाचं नाव घेऊन खोटं बोलू? अन् बाबाराव तथी बसलेला राहीन. त्याले माहीत हाय मी पावन्याले सोडून जात नाई. तो हासन मले."

वकिलांनी डोक्याला हात लावला. बाहेर पडताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही समजवा. घर जाईल त्यांचं." मी रात्री जेवताना विषय काढायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाल्या, "जेव मुकाट्यानं." मी जेवले.

दुसऱ्या दिवशी त्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. बाबारावांच्या वकिलाला काहीतरी वास लागला असावा. त्यानं तिसऱ्याच प्रश्नाला तिथेच हात घातला.

"मृत्युपत्र झालं तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"घरीच. सैपाकघरात. भजे तयून राहिली होती."

"साक्षीदारांसाठी?"

"मंग कोनासाठी?"

"म्हणजे ज्यांच्या सहीनं तुम्हाला घर मिळणार, त्यांना तुम्ही भजी खाऊ घातली?"

"घरी आलेल्या मानसाले मी उपाशी लावत नाई. तुमी आले असते त तुमालेबी देल्ले असते."

कोर्टात हशा पिकला. मॅडम हसल्या नाहीत. राऊत वकील फाईलमध्ये तोंड खुपसून बसले. समोरच्या वकिलाला वाटलं आपण जिंकलो. त्यानं जुना हक्कसोडीचा कागद पुढे केला. "ही सही तुमचीच?"

"माहीच."

"म्हणजे माहेरच्या मालमत्तेवरचा हक्क तुम्ही स्वखुशीनं सोडलेला आहे. वाचून सही केली होती ना?"

"नाई वाचला. भावाच्या हातातला कागद होता."

त्या हे कोर्टाला सांगत नव्हत्या. मागे बाकावर बसलेल्या बाबारावांकडे पाहून सांगत होत्या. बाबारावांनी दुपट्ट्याचं टोक हातात घेऊन त्याच्या घड्या घालायला सुरुवात केली. नलूताई पुढे म्हणाल्या, "त्याच्यानंतर म्या वाचल्याबिगर सही नाई केली, साहेब. गॅसच्या पावतीवरबी नाई."

पुढच्या तारखेला जावयाच्या खांद्यावर हात ठेवून शेख सर आले. त्यांना तारीख आठवेना, महिना आठवेना, कोणत्या खोलीत बसले होते तेही नीट आठवेना. मग वकिलानं विचारलं, आठवतं तरी काय? सर म्हणाले, "भजे आठवतात, साहेब. मी खाल्ले अन् तसाच पेन घ्यायला गेलो, तर अण्णा माझ्यावर ओरडले. म्हणाले, मास्तर, तेलाचे हात धुऊन या, कोर्टाचा कागद आहे. मी मोरीवर जाऊन हात धुतले. परत आलो तेव्हा अण्णा वाट पाहत बसले होते. माझ्यापुढं त्यांनी सही केली, मग मी केली, डॉक्टरांनी केली." तो माणूस डोक्यानं ठिकाणावर होता का, असं विचारल्यावर सर जरा रागावले. "मला हात धुवायला लावले त्यांनी. मला सुचलं नव्हतं."

निकाल नलूताईंच्या बाजूनं लागला. मॅडमनी निकालपत्रात लिहिलं की अर्जदार बाईंनी स्वतःच्या विरोधात जाणारी गोष्ट लपवली नाही, आणि वृद्ध साक्षीदारानं तीच गोष्ट आपल्या बाजूनं, न ठरवता सांगितली, तेव्हा कोर्टाला संशयाचं कारण उरत नाही. राऊत वकिलांनी हे आम्हाला मराठी करून सांगितलं आणि म्हणाले, "ताई, तुमच्या भज्यांनी जिंकलं." नलूताईंना हे आवडलं नाही. "भज्यानं नाई. अन्नाची सही खरी होती म्हनून."

कोर्टाच्या आवारात बाबाराव एकटेच उभे होते, मुलगा गाडी काढायला गेला होता. नलूताई भावाकडे गेल्या. "जेवून जा," म्हणाल्या.

"त्या घरचं पानी नाई पेनार मी आता," बाबाराव म्हणाले. "जितली तू. घे. पन आज ना उद्या मरशीन, तवा कोनाले देशीन?"

"पेपरात नोटीस येईन. वाचजो," नलूताई म्हणाल्या.

पण घरी आल्यावर त्यांनी जेवण केलं नाही. मशीनवर बसल्या, पाय पायडलवर आणि मशीन बंद. "लहानपनी त्याले मीच कडेवर घेत होती," एवढंच बोलल्या. त्या रडतील असं मला वाटलं, पण रडल्या नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी एका ब्लाऊजची बाही उसवायला घेतली.

पुढे माझी बदली परत अकोल्याला झाली. फोन व्हायचा. एकदा त्यांना राऊत वकिलांकडून एक गोष्ट कळली आणि त्यांनी मला तातडीनं फोन केला. त्यांनी काही लिहून ठेवलं नाही तर त्यांचं घर भावाला जाणारच नव्हतं. भावाकडून आलेली मालमत्ता, पोटी मूल नाही, फारकत झालेली नाही, म्हणून कायद्यानं ते घर नवऱ्याच्या वारसांना जाणार होतं. ज्यानं दारात आणून सोडलं त्याच्या माणसांना. "ऐकलं काय?" त्या म्हणाल्या. त्या इतक्या रागावलेल्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. "परवा ये अमरावतीले. मले मृत्युपत्र कराचं हाय. तुले साक्षीले बलावून राहिली, काहून का तुले काई देऊन नाई राहिली."

मी गेले. ती आमची शेवटची भेट. गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या. आता नोटीस पेपरात आली आहे, आणि नवऱ्याकडच्या कुण्या पुतण्यांनी हरकत घेतली आहे, ज्यांना आम्ही कुणी जन्मात पाहिलेलं नाही. मला साक्षीला जायचं आहे. भीती अजून वाटते. काय सांगायचं ते मात्र मला चांगलं ठाऊक आहे.

मृत्युपत्र केलं त्या दिवशी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात बरीच गर्दी होती. नलूताई धुतलेलं पातळ नेसून आल्या होत्या. घर रेखाला. बाबारावांच्या मुलांना नाही, रेखाला. तिला त्यांनी आधीच बसवून सांगितलं होतं, "याच्यावर सही मागाले येतीन. भाऊ येतीन, सासरचे येतीन, तुहा बापबी येईन. साडी आनतीन. साडी घ्याची. सही नाई द्याची." रेखा बाहेर बाकावर बसली होती आणि सारखी डोळे पुसत होती. नलूताईंनी टाईप केलेली पानं एक एक करून वाचली. मागची रांग कुरकुरली. त्यांनी एक चूक काढली, ती दुरुस्त करून घेतली, पुन्हा पहिल्यापासून वाचली आणि मग सही केली. मी पाहिलं. माझ्यासमोर केली.

अधिकारी तरुण होता, शांत होता. त्यानं अंगठा घेतला, फोटो घेतला आणि सगळ्यांना विचारतात ते विचारलं. "आजी, हे तुम्ही राजीखुशीनं करताय ना? कुणाचा दबाव नाही ना?"

"हाय ना," नलूताई म्हणाल्या. "साऱ्याईचा हाय. जल्मभर होता. म्हनून त आली."

तो गोंधळला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग संगणकाकडे. "असं नाही लिहिता येत, आजी. आहे किंवा नाही, एकच सांगा."

नलूताईंनी थोडा विचार केला.

"मंग नाई लिवा," त्या म्हणाल्या. "आजपासून नाई."